कान ठणकतो, पण दुखणं कानाचंच असेल असं नाही

आठवडाभर थेंब घातले, डॉक्टर म्हणाले कान आतून स्वच्छ आहे, तरी कानाच्या वर आणि मागे ठणका आहेच, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी जबडा तपासा. त्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. कट्कन वाजलं किंवा दाबल्यावर कळ आली तर संशय तिथेच. माझं तसंच निघालं. झोपेत दात खात होते आणि मी बापडी कानात कोमट तेल घालत बसले! (तुम्ही घालू नका.) दंतवैद्यांनी नाइटगार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) दिलं, मऊ खाणं, शेक, मोठी जांभई टाळणं. दीडेक महिन्यात उतार पडला.

कानामागून डोक्यात विजेसारखी चमक जात असेल तर मानेकडून येणारी नस दुखावलेली असू शकते. अक्कलदाढही असे उद्योग करते.

मात्र कानावर फोड येऊन चेहरा वाकडा झाला, किंवा कानामागे सूज आणि ताप असला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वय 50 च्या पुढे असेल, कानशील दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तरीही तेच. त्यात नजर जाऊ शकते.