अपघातानंतर मनात बसलेली भीती दाव्यात लिहायची की नाही?

गोदाकाठची:
परवा एक जवळचे नातेवाईक घरी येऊन ठासून सांगून गेले, "हात जुळलाय ना? मग आता भीतीबितीचे पैसे मागत बसू नका, बरं दिसत नाही." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

मालेगावहून लग्न आटोपून येताना चांदवडजवळच्या राहूड घाटात माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं. मनगटात प्लेट बसली. बिलं, डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची प्रत, सगळं फाइलला लागलंय. पण आता ती गाडीत पुढे बसली आणि उतार लागला की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. पायाखाली ब्रेक नसतो, तरी चप्पल मॅटवर रुतलेली असते. शेजारून ट्रकच्या एअरब्रेकचा फुस्स आवाज आला की बोलता बोलता गप्प होते. पिंपळगावला शाळेत शिकवते. रोजचा रस्ता तोच महामार्ग, त्यामुळे सध्या बिनपगारी रजेवर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात भरपाई कशाकशाची द्यायची ते सांगितलंय. औषधपाणी आणि बुडालेली कमाई याखेरीज वेदना, यातना आणि मानसिक आघात यांचाही त्यात उल्लेख आहे. कायदा देतोय ते मागायला लाज कसली?

सिन्नरकर:
ताई, राग मानू नका, पण मी दुसरी बाजू घरात पाहिली आहे. माझ्या पत्नीचा अपघात शिर्डी रस्त्यावर झाला. दाव्यात आम्ही सगळं लिहिलं होतं, भीती, झोप उडणं, सगळं. मग प्रत्येक तारखेच्या आधी आठवडाभर तिचं जेवण सुटायचं. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "आज कोर्टात कशाने आलात?" ती म्हणाली, रिक्षाने. "म्हणजे वाहनात बसता!" तेवढ्यावर तो खाली बसला. ती घरी येऊन रडली नाही, बोललीच नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे झाली. थोडं बरं वाटायला लागलं की तिला धास्ती वाटायची, आता आपलं म्हणणं कोर्टाला खोटं वाटेल. बरं होण्याचीच भीती! शेवटी लोकअदालतीत तडजोड केली, थोडे कमी घेतले. त्यानंतर ती खरी सावरायला लागली. पैशापेक्षा माणूस महत्त्वाचा. बहिणीला उपचार द्या, दाव्यात फक्त हाताचं लिहा.

गोदाकाठची:
दादा, वाचून वाईट वाटलं. पण लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं. हाताचे पैसे घेऊन सही केली आणि वर्षभराने कळलं की तिला नोकरीच सोडावी लागतेय, तर मग कोणाकडे जायचं?

पंचवटीचे_आजोबा:
विमा क्षेत्रात आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट लिहितो. प्लेट एक्स-रेत दिसते, भीती दिसत नाही. खोटे जखमी, खोटी बिलं, अपघातात नसलेली गाडी कागदावर उभी करणं, हे सगळं मी पाहिलंय. थर्ड पार्टीचा, म्हणजे ठोकणाऱ्या गाडीची विमा कंपनी जखमीला देते तो पैसा तुमच्याआमच्या हप्त्यातूनच येतो. मनाच्या त्रासाला मोकळं रान दिलं तर उद्या प्रत्येक अर्जात तोच परिच्छेद छापील येईल, आणि या ताईंच्या बहिणीसारख्या खऱ्या माणसावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

टेम्पोवाला_सातपूर:
आजोबा, मी खरा आहे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझ्या टेम्पोसमोर एकाची दुचाकी घसरली. मी वेळेत ब्रेक दाबला, पण मागच्या गाडीने मला ठोकलं. अंगावर ओरखडा नाही. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. आता द्वारका टाळायला लांबून फिरतो, डिझेल जातं, भाडी सुटतात. रात्री गाडी चालवत नाही. एखादं हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, निदान लोकांनी विचारलं तरी असतं.

वकीलबाई:
दोन्हीकडे थोडं खरं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुदत. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यावर कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. निम्मा काळ दवाखान्यातच जातो. अपघात चांदवडच्या हद्दीत झाला तरी राहत्या ठिकाणी, म्हणजे नाशिकला अर्ज करता येतो.

त्याच कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. फ्रॅक्चर त्यात बसतं. सातपूरच्या दादांसारख्यांची मात्र तिथे अडचण होते, कारण ती व्याख्या मुळात शरीराची आहे. हा कायद्यातला दोष आहे असं माझं ठाम मत आहे.

आजोबांच्या एक्स-रेबद्दल. मानसोपचारतज्ज्ञांचे केसपेपर हाच इथला पुरावा. पण तारखेच्या आदल्या आठवड्यात आणलेला एकच दाखला कोर्ट लगेच ओळखतं. अपघातानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप न लागणं बहुतेकांना होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही ते चालू राहिलं आणि माणूस रस्ता टाळू लागला, तर डॉक्टर गाठा. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आत टिकून राहते. दवाखान्यात जायला मन धजत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि सिन्नरकर दादा, बरं झाल्याने दावा मरत नाही. भोगलेला त्रास आणि बुडालेला पगार भोगलेलाच राहतो. हे तुमच्या पत्नीला तेव्हाच त्यांच्या वकिलाने सांगायला हवं होतं.

सिन्नरकर:
तेव्हा कोणी सांगितलं नाही, हे खरं. तरीही माझं मत बदललेलं नाही. कागदावरचा हक्क आणि त्या पिंजऱ्यात उभं राहणं यात फार अंतर आहे. ज्याचं मन आधीच फाटलंय त्याला तिथे उभं करताना घरच्यांनी शंभरदा विचार करावा.

गोदाकाठची:
बहिणीला धागा वाचून दाखवला. म्हणाली, "डॉक्टरकडे येते. पण कोर्टात मला कोणी खोटी म्हटलं तर मी तिथून उठून येईन." वकीलबाई, तिच्याऐवजी डॉक्टरांची साक्ष चालेल का?

वकीलबाई:
डॉक्टरांची साक्ष लागेलच, नुसता दाखला जोडून भागत नाही. पण तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि त्यावरची उलटतपासणी सहसा टळत नाही. शाळेकडून बिनपगारी रजेचं पत्र आजच मागून घ्या. रिक्षाचा प्रश्न तिलाही विचारला जाईल. "हो, रिक्षाने आले, आणि वाटेत दोनदा थांबवायला लावली," असं झालं असेल ते तसंच सांगायचं. तयारीसाठी तिला घेऊन या, घाई न करता बसू.