गोळ्या सुटल्या म्हणजे बरा झाला का?

सौरभ_नाशिक: बायपोलर (मूड कधी टोकाला चढतो, कधी पार खचतो, तो आजार) म्हणजे जन्मभर गोळ्या, हे डॉक्टरांनी ठरवून टाकलंय. माझा भाऊ पहाटे उठतो, प्राणायाम करतो, रात्री साडेनऊला झोपतो. लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी गोळी, सोडून वर्ष झालं, ठणठणीत आहे. शिस्त हवी, बस.

मेधा: हे वाचून राहवलं नाही. शिस्त आमच्याकडेही होती. नवऱ्याने लिथियम मनाने बंद केलं, तेव्हा सासरचे म्हणाले, किती उत्साही झालाय! रात्री दोनला स्वयंपाकघरातले डबे काढून पुसत बसायचा, जेमतेम झोपून सकाळी ताजातवाना. मग मिक्सरची खोकी दारात येऊन पडायला लागली. एकच मॉडेल, पुन्हा पुन्हा. गोळी एकदम तोडली की मॅनिया, म्हणजे झोपेची गरजच न वाटणारा हा चढलेला मूड, उसळून येतो, हे दादांना कुणी सांगितलंच नाही का?

सौरभ_नाशिक: तुमच्या घरचं तेच सगळ्यांचं असं नसतं, ताई. मूत्रपिंडं खराब होतात त्याचं काय?

मेधा: म्हणून तर दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड आणि कॅल्शियम तपासतात. रक्तातल्या लिथियमची लेव्हल वेगळी, तीही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन.

वासंती_काकू: आमची सूनही लिथियम घेते, तिला डॉक्टर नवरात्राचे उपवास करू देत नाहीत. देवाचंही आता औषधवाल्यांना विचारायचं?

अनिकेत_एमडी: काकू, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. लेव्हल चढते, हात थरथरतात, उलट्या होतात, बोलणं अडखळतं. दीडच्या (mmol/L) वर गेली तर धावपळ होते.

वासंती_काकू: उपवासाला सैंधव चालतं की!

अनिकेत_एमडी: सैंधवही मीठच, रोजच्याइतकं घालून भगर-बटाटा खाल्ला, पाणी प्यायलं, तर निम्मी काळजी मिटली. तरी आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. निर्जळी मात्र नाहीच.

वासंती_काकू: सून घटस्थापनेला पाणीसुद्धा घेत नाही. आम्हीच तसं शिकवलं. देवी कोपली तर?

मेधा: काकू, देवीला सून धडधाकट हवी असेल. आणि जागरणही नको. एक रात्र जागली तरी मॅनिया सुरू होऊ शकतो.

सौरभ_नाशिक: झोपेचं तर मीही तेच म्हणतोय!

मेधा: म्हणताय, आणि बरोबर म्हणताय. पण शिस्त गोळीच्या जोडीला हवी, गोळीऐवजी नको. गेल्या महिन्यात दादा किती तास झोपले, हे वहिनींना विचारलंत का?

सौरभ_नाशिक: विचारलं. चार-साडेचार, म्हणते. तरी थकत नाही.

अनिकेत_एमडी: उद्याच न्या त्यांना. वहिनींनाही सोबत घ्या.

सौरभ_नाशिक: नेतो. पण लगेच गोळ्या सुरू होणार, हे मला मान्य नाही.