मदत हवी आहे: टंगस्टन ऑक्साइडची काच निळी होते, पण परत नितळ होत नाही

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रंग बदलणारी काच करतोय, म्हणजे ऊन वाढलं की बटण दाबून गडद करायच्या खिडकीचं पिल्लू. टंगस्टनची पूड हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवली (भांडं बर्फात ठेवा, भयंकर तापतं!), त्या द्रावणातून एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक लेप असलेली काच) विद्युत निक्षेपणाने, म्हणजे द्रावणात वीज सोडून, टंगस्टन ऑक्साइडचा थर चढवला आणि 250 अंशांवर तासभर भाजला. इलेक्ट्रोलाइट (दोन काचांमधलं आयन वाहून नेणारं द्रावण) प्रोपिलीन कार्बोनेटमधलं लिथियम परक्लोरेट.

पहिल्यांदा उणे 1 व्होल्ट दिला तेव्हा काच कडेकडून आत शाईसारखी निळी होत गेली. मी तर सर्किट तसंच सोडून मित्राला हाक मारायला पळालो. उलटा व्होल्टेज दिला की पुन्हा स्वच्छ. पण तीसेक फेऱ्यांनंतर मळकट निळसर झाक उरायला लागली, ती जातच नाही. क्लिपजवळ पापुद्रेही सुटतायत.

लिथियमचे आयन थरात अडकून बसतात हे वाचलंय. जास्त धन व्होल्टेज बराच वेळ दिला तर ते सुटतात म्हणे. कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? किती व्होल्ट, किती वेळ? एफटीओची वाट तर लागणार नाही ना? की 400 अंशांवर भाजून थर स्फटिकी करू? टिकेल, पण रंग सावकाश बदलेल अशी धास्ती आहे.

समोरच्या काचेवर सध्या काहीच नाही, नुसतं एफटीओ. तिथे आयन साठवणारा निकेल ऑक्साइडचा थर हवाच का? सबमिशनला तीन आठवडे उरलेत.