नोंदणी झालेला भाडेकरार घरमालक ताब्याआधीच रद्द करतोय, मदत हवी आहे

पुणे. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणी झालेली. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,००० खात्यावर पाठवलंय. १ तारखेला ताबा मिळायचा होता. चार दिवस आधी मालकाचा व्हॉट्सॲप निरोप आला: घर विकतोय, करार रद्द, डिपॉझिट महिन्याभरात देतो. घर मागता येईल का? निदान झालेला खर्च?

उत्तर १
घराच्या मागे लागू नका, पैशांच्या मागे लागा. या करारात घर वापरायची परवानगी मिळते, घरात हक्क मिळत नाही (सुविधाधिकार कायदा १८८२, कलम ५२). कलम ६० प्रमाणे मालक ती परवानगी सहसा काढून घेऊ शकतो. पण म्हणून तो फुकटात सुटतो असं नाही! राहत्या घरातून मुदतीआधी काढलं असतं तर भरपाईसाठी कलम ६४ होतं. तुमचा ताबाच झालेला नाही, त्यामुळे करार कायद्याचं कलम ७३ धरा.

मागायचं काय: पूर्ण डिपॉझिट, तुम्ही भरलेलं मुद्रांक शुल्क (०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या आकड्यांवर सहाशे-सातशे) आणि नोंदणी फी १,०००, एजंटची दलाली, टेम्पोचा बुडालेला ॲडव्हान्स, दुसरं घर मिळेपर्यंतचा वाजवी राहण्याचा खर्च. वाजवी हा शब्द महत्त्वाचा. नुकसान कमी ठेवायचा प्रयत्न तुम्हीही करायला हवा, महागड्या हॉटेलची बिलं टिकणार नाहीत.

आजच उत्तर पाठवा: "रद्द करणं मला मान्य नाही, ताबा द्या किंवा भरपाई द्या." नुसतं "ठीक आहे" लिहिलंत तर दोघांच्या संमतीने रद्द झालं असं तो म्हणेल. मग वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टने. दाव्याची मुदत ३ वर्षं आहे, तरी थांबू नका.

उत्तर २
करारातलं लॉक-इनचं कलम (ठरावीक मुदतीआधी करार मोडता येणार नाही असं सांगणारं) नीट वाचा. बऱ्याच छापील मसुद्यांत ते फक्त भाडेकरूला बांधतं. "दोन्ही पक्ष" असा शब्द असेल तर तुमची बाजू खूप भक्कम होते. इंडेक्स २ ची (कराराच्या नोंदणीच्या उताऱ्याची) प्रतही काढून ठेवा.

प्रश्नकर्ता
तो म्हणतोय, आधी रद्दलेखावर सही करा, मग चेक देतो.

उत्तर १
अजिबात नको. रद्दलेखात "सर्व रक्कम मिळाली, कोणतीही मागणी उरली नाही" असं वाक्य हमखास असतं. पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही. चेक घ्यावाच लागला तर तो वटेपर्यंत थांबा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस गेली पाहिजे.