किडनी बदलल्यावरही कॅल्शियम जास्त : सिनाकॅल्सेट गोळी चालू ठेवावी की ऑपरेशन करावं?

नमस्कार. नवऱ्याची किडनी बदलून १४ महिने झाले. सासूबाईंनी दिली. त्याआधी सहा वर्षं डायलिसिस. क्रिएटिनिन १.३, म्हणजे किडनीचं सगळं ठीक. पण कॅल्शियम काही खाली येईना. सतत ११ च्या वर, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) ३१०, फॉस्फरस २.१. डायलिसिसवर असताना फॉस्फरस वाढतो म्हणून घरात दूध-पनीर मोजून मापून, आता तोच कमी पडतोय!

डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी डायलिसिसच्या वर्षांत इतक्या फोफावल्यात की नवी किडनी आली तरी थांबत नाहीत. हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतात आणि फॉस्फरस लघवीवाटे घालवतात. बऱ्याच जणांचं वर्षभरात आपोआप उतरतं म्हणून थांबलो होतो. यांचं नाही उतरलं. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) खुब्याचं हाड विरळ आलंय. (नणंद म्हणते दूध बंद करा. अहो, कॅल्शियम दुधातून नाही, हाडांतून येतंय!)

तीन आठवड्यांपासून सिनाकॅल्सेट ३० मिग्रॅ, रोज एक. कॅल्शियम १०.४ वर आलं. पण सकाळी उपाशीपोटी टॅक्रोबरोबरच (टॅक्रोलिमस, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) घेतात आणि मळमळतं, दोनदा उलटी झाली. टॅक्रोच उलटून पडली तर, या धास्तीने झोप नाही. ही गोळी जन्मभर घ्यायची का? की सरळ त्या ग्रंथी काढायचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं? कुणाचा अनुभव?

प्रतिसाद १
ताई, मी स्वतः पेशंट, नऊ वर्षं झाली. टॅक्रो उपाशीपोटी बरोबर आहे, पण सिनाकॅल्सेट जेवणाबरोबर घ्यायची असते. डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणावर न्या. माझी मळमळ त्यानेच कमी झाली. गोळी ग्रंथीला 'कॅल्शियम भरपूर आहे' असं भासवते, म्हणून ती गप्प बसते. बंद केली की पुन्हा सुरू. माझं तेच झालं, शेवटी चारपैकी साडेतीन ग्रंथी काढल्या. नंतर आठवडाभर बोटांना मुंग्या, सलाइनमधून कॅल्शियम. क्रिएटिनिनही थोडं चढलं, मग स्थिरावलं. सोपं नव्हतं, पण गोळीतून सुटलो.

प्रतिसाद २
फार्मासिस्ट आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे का? सिनाकॅल्सेटमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, नाडी मंदावते. टॅक्रो लेव्हलही पुन्हा तपासून घ्या. ऑपरेशनबद्दल : स्पेनमध्ये ३० पेशंटवर झालेला अभ्यास २०१६ साली छापून आला. वर्षभराने ऑपरेशनवाल्या १५ पैकी १५ जणांचं कॅल्शियम नॉर्मल, गोळीवाल्या १५ पैकी १० जणांचं. खुब्याची घनताही ऑपरेशनवाल्यांची सुधारली. अभ्यास लहान आहे, पण यांचं हाड विरळ आहे म्हणून हा मुद्दा डॉक्टरांपुढे नक्की काढा. आणि ओठांना-बोटांना मुंग्या किंवा पायात गोळे आले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, कॅल्शियम जास्तच उतरलेलं असू शकतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. मेटोप्रोलॉल चालू आहे! आत्ता नाडी मोजली, ५४. चक्कर येते म्हणत होते, ते मी अशक्तपणावर ढकललं. डॉक्टरांना लगेच फोन लावते. गोळीच्या वेळेचंही आत्ताच विचारते. ऑपरेशनचं मात्र यांच्यासमोर कसं काढायचं ते बघते, पुन्हा टेबलावर जायचं म्हटलं की हे विषयच बदलतात.