मॉरिशस, सहा रात्री, सोबत वडील (७४, गुडघ्याचं ऑपरेशन) – कार्यक्रम बदलू का? मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही चौघं मॉरिशसला निघालोय. मी, बायको, सातवीतली लेक आणि तात्या, म्हणजे माझे वडील. तात्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला. सपाटीला मैलभर आरामात चालतात, पण पायऱ्या उतरताना कुणाचा तरी खांदा लागतो.

लेकीला समुद्रात डुंबायचंय, बायकोला आठवडाभर स्वयंपाकघर बघायचं नाहीये. तात्या मात्र कधी नव्हे ते आपणहून "मीही येतो" म्हणाले. त्याला कारण आहे. तात्यांच्या पणजोबांचे एक चुलते घरात भांडून मुंबईला गेले आणि तिथून जहाजात बसून 'मोरस'ला. परत आले नाहीत. निरोप नाही, काही नाही. आमच्याकडे पूर्वी पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणायचे. आत्येआजी चहात साखर घालताना हमखास म्हणायची, "आपल्या गणूने पाठवलेली हो!" मोरस म्हणजेच मॉरिशस, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

तर टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम असा. शुक्रवारी पोचणे, मुक्काम पूर्व किनाऱ्यावर बेल मारला. शनिवारी इल ओ सेर्फ बेट, तिथे पॅरासेलिंग आणि समुद्राच्या तळावर चालणं. रविवारी पोर्ट लुई शहर आणि खरेदी. सोमवारी दक्षिण: ज्वालामुखीचं विवर, जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, गंगा तलाव, शामारेल, ल मोर्न, सगळं एका दिवसात. मंगळवारी पहाटे डॉल्फिन आणि मग कॅटमरान, म्हणजे जोडसांगाड्याची शिडाची बोट. बुधवार मोकळा. गुरुवारी परत.

प्रश्न: १) तात्यांना हे झेपेल का? २) मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट यात कुठेच दिसत नाही, तो 'शहरदर्शना'त येतो का? ३) बायको शाकाहारी आहे, तिचं काय? ४) पणजोबांच्या चुलत्यांचा काही माग लागू शकतो का, की ते सोडूनच द्यावं?

भरतीओहोटी:

आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो. व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा आणि निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरा. मुंबईहून थेट विमान सहाएक तासांचं. घड्याळ दीड तास मागे.

समुद्रतळावर चालण्याचं तात्यांसाठी रद्द करा. डोक्यावर जड हेल्मेट चढवून शिडीने खाली उतरवतात. कॅटमरानही जपून. किनाऱ्यावरून होडीत, होडीतून कॅटमरानवर, आणि दोन्ही हलत असतात. माझ्या सासूबाई चढल्या, पण उतरताना तिघांनी धरलं.

उसाचंशेत:

मी कात्र बोर्नला नोकरीनिमित्त तीन वर्षं होतो, तेव्हा जरा लांबण लावतो.

सगळ्यात आधी रविवार बदला. पोर्ट लुई हे कामाच्या दिवसाचं गाव आहे. रविवारी निम्मी दुकानं बंद, रस्ते ओस, आणि मुख्य म्हणजे आप्रवासी घाट रविवारी बंद असतो. शनिवारीही अर्धाच दिवस. तुमच्या टूरवाल्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही. त्याची गाडी रविवारी ट्रॅफिक न लागता फिरते, एवढंच त्यात आहे. 'शहरदर्शन' म्हणजे बहुतेक वेळा किल्ल्यावरून फोटो आणि कॉडनला, म्हणजे बंदरावरच्या बाजारात, दोन तास खरेदी.

घाट कॉडनपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. फार मोठं काही बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. काळ्या दगडांच्या काही जुन्या भिंती, खोल्या आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. पण त्या पायऱ्यांवरून साडेचार लाखांच्या आसपास माणसं वर आली. गुलामगिरी १८३५ साली संपली, आणि ऊस तोडायला माणसं कुठून आणायची, या प्रश्नाचं उत्तर इंग्रजांनी हिंदुस्थानात शोधलं. २ नोव्हेंबर १८३४ ला ३६ मजुरांची पहिली तुकडी उतरली. तो दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा असतो. २००६ पासून हा घाट जागतिक वारसा आहे. शेजारच्या माहिती केंद्रात जहाजात माणसं कशी कोंबली जायची ते मांडून दाखवलंय. तिथे तात्यांना तासभर सोडा, घाई करू नका.

आता चौथा प्रश्न. सोडून देऊ नका. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या मजुरांची दप्तरं जपून ठेवली आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज आणि प्रत्येकाला मिळालेला नंबर. १८६० च्या दशकापासून पुढे काहींचे फोटोही. पण अचानक जाऊन उभं राहू नका. महिनाभर आधी ईमेल करा आणि जे माहीत आहे ते सगळं लिहा. अडचण स्पेलिंगची येते. कारकून इंग्रज, सांगणारा कोकणी, आणि कानाला जे ऐकू आलं ते कागदावर. रत्नागिरीचंच स्पेलिंग इतक्या तऱ्हांनी सापडतं. गणूचा गनू, गुन्नू, गुणाजी काहीही झालेला असेल. आडनाव तर शोधूच नका, ते बहुधा लिहिलेलंच नसतं. पुढे आजोबाचं नाव हेच नातवाचं आडनाव होऊन बसलं.

एक सोय मात्र आहे. मजूर सगळ्यात जास्त कलकत्त्याहून गेले, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. त्यामुळे गवताची गंजी जरा लहान आहे.

चकलीचासाचा:

तिसऱ्याचं उत्तर मी देते. वहिनींना सांगा, उपाशी राहणार नाहीत. डाळपुरी! रस्त्याकडेला, सायकलवर, काचेच्या पेटीत, कुठेही मिळते. आपल्या पुरणपोळीतून गूळ काढला की जे उरेल ते. पिवळी डाळ वाटून भरलेली, पातळ, मऊसूत. कायम दोन देतात, एक मागितली तरी. आत पावट्यासारख्या बियांची उसळ, टोमॅटोची रुगाय (मसालेदार दाट रस्सा) आणि वर मिरचीचा ठेचा घालून गुंडाळी करून कागदात देतात. ठेच्याला "थोडाच" म्हणा, तो आपल्या ठेच्याचा बाप आहे. गातो पिमां म्हणजे डाळवडा, सकाळी पावात घालून खातात. आणि आलुदा म्हणजे फालुदाच, पोर्ट लुईच्या मंडईत प्या.

फक्त रुगायमध्ये कधीकधी सुकट किंवा मासळी असते. विचारून घ्या.

वाशिष्ठीकाठ:

उसाचंशेत, रविवारचं सांगितलंत ते फार बरं झालं. टूरवाल्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, घाट म्हणजे काय, भिंती आहेत, लोकांना बोअर होतं." मी म्हटलं आम्हाला बोअर व्हायचंय. आता दिवस बदलायचे जादा पैसे सांगतोय.

तात्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी माळ्यावरून ट्रंक उतरवायला लावली.

भरतीओहोटी:

डॉल्फिनबद्दल राहिलं होतं. तामारँच्या खाडीत पहाटे जातात. आम्ही गेलो तेव्हा सातआठ डॉल्फिन आणि पंचवीसेक होड्या होत्या. डॉल्फिन वर आला की सगळ्या होड्या तिकडे वळायच्या आणि लोक उड्या मारायचे. माझ्या मुलाने विचारलं, "बाबा, ते आपल्याला घाबरून पळतायत का?" तेवढ्यावर परत फिरलो.

तांबडीवाट:

मला मात्र डॉल्फिन आवडले होते. सगळेच होडीवाले तसे नसतात, काही जण लांब थांबतात. असो. लेक सातवीत आहे तर इल ओ झेग्रेत बेट बघाच. माएबूरजवळून छोटी होडी जाते. वन्यजीव संस्थेचे गाइड सावलीतल्या पायवाटेने फिरवतात. आल्डाब्राची महाकाय कासवं मोकळी हिंडतात आणि गुलाबी कबुतर दिसण्याची शक्यता असते. १९९० च्या सुमारास ही कबुतरं रानात दहाएकच उरली होती, आता शेकड्यांत आहेत. डोडो गेलाच, हे मात्र वाचलं. डोडोचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे, लेकीला तोही दाखवा. सोमवारी माएबूरला मोठा बाजार भरतो, दोन्ही एका दिवशी जमतं.

शेजारीच ब्लू बे. तात्यांसाठी काचेच्या तळाची होडी. बसल्या जागी प्रवाळ दिसतात, गुडघा वाकवायला लागत नाही.

उसाचंशेत:

तांबडीवाटशी सहमत. सोमवार तोच ठेवा.

मुक्कामाबद्दल: बेल मारचा समुद्र देखणा आहे, पण पूर्वेला वारा जास्त लागतो आणि पोर्ट लुई, मोका लांब पडतात. जमलं तर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला राहा. बेट ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, म्हणजे कुठूनही कुठेही जाता येतं, पण सकाळी पोर्ट लुईच्या तोंडाशी गाड्या खोळंबतात. पश्चिमेला प्रवाळाच्या कड्याआत पाणी तळ्यासारखं असतं. तात्यांना कमरेएवढ्या पाण्यात खुर्ची टाकून बसवा, मी माझ्या आईला तसंच बसवायचो. पायात रबरी बूट हवेतच. प्रवाळ आणि समुद्री साळिंदराचे काटे तळव्यात मोडतात आणि मग सुट्टी संपते.

आणि फ्लिक-आं-फ्लाकपासून कास्कावेल जवळ. ती मराठी लोकांची जुनी वस्ती, गणपतीचं देऊळ आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मी पहिल्या वर्षी विसर्जनाला गेलो होतो. आरत्या आपल्याच, चालीत जरासा फरक, आणि पोरं जाखडी नाचत होती, थेट आपल्या कोकणातली. आरती संपली आणि शेजारचे गृहस्थ मुलाला काहीतरी ओरडले ते क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत. मराठी शाळेत शिकवतात, रेडिओवर असते, पण घरात क्रिओलच. त्यामुळे तात्यांनी "तुमचं गाव कुठलं?" म्हणून विचारलं आणि समोरचा नुसता हसला, तर वाईट वाटून घेऊ नका. हिंदी बऱ्याच जणांना कळतं.

रविवारी दक्षिण करा. गंगा तलाव म्हणजे ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, काठाला देवळं, वाटेवर ३३ मीटरचे शंकर. तिथे ढग उतरतात आणि खाली घाम येत असला तरी वर थंडी वाजते, तात्यांचा स्वेटर पिशवीत ठेवा. माकडांपासून प्रसाद सांभाळा. मग शामारेलची सातरंगी माती. ती दहा मिनिटांत बघून होते, खोटं कशाला सांगू, पण धबधबा चांगला आहे. शेवटी ल मोर्न. डोंगर चढायचा नाही, खालून पाहायचा. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपायचे. सुटकेची बातमी घेऊन आलेले शिपाई बघून, धरायलाच आलेत असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आठवण तिथे सांगतात. खालच्या किनाऱ्यावर रविवारी गावातली कुटुंबं पातेली घेऊन येतात, कुणीतरी रावान (डफासारखं वाद्य) वाजवायला घेतं आणि आजीबाईंपासून सगळी सेगा, म्हणजे तिथला लोकनाच, नाचतात. हॉटेलच्या सेगा शोपेक्षा हा बघा.

विवर आणि जहाजांचा कारखाना गाळा. कारखाना म्हणजे खरेदीच.

चकलीचासाचा:

पांप्लमूसची बाग कुणीच कशी सांगितली नाही? सपाट आहे, तात्यांना उत्तम. परातीएवढी नव्हे, परातीला परात लावावी तेवढी कमळाची पानं. फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. पोर्ट लुईच्या दिवशीच करा, वरच्या बाजूला अर्ध्या तासावर आहे.

वाशिष्ठीकाठ:

मंडळी, ठरलं. शनिवारी नुसता समुद्र. रविवारी दक्षिण. सोमवारी माएबूर बाजार, इल ओ झेग्रेत, ब्लू बे. मंगळवारी सकाळी घाट, मंडई, डोडो आणि उतरत्या उन्हात पांप्लमूस. बुधवारी मोका, वेळ उरला तर कास्कावेल. कॅटमरान आणि डॉल्फिन दोन्ही रद्द. लेक पॅरासेलिंगसाठी रुसली आहे, ते शनिवारी फ्लिक-आं-फ्लाकला जमतं का बघतो. टूर रद्द करून फक्त विमान आणि हॉटेल घेतलं, गाडी तिथे रोजची ठरवू.

ट्रंकेत पणजोबांच्या चुलत्यांचं काही निघालं नाही. पण जमिनीच्या एका जुन्या कागदावर चार भावांची नावं मिळाली. तीन नावांपुढे वाटणी आहे आणि चौथ्यापुढे नुसतं 'परागंदा'. नाव गणू नव्हतंच, गोविंद बिन धोंडजी. मोक्याला ईमेल काल पाठवली. तात्यांनी सांगितलेली गोविंदची सहा स्पेलिंगं आणि धोंडजीची नऊ खाली जोडली आहेत. उसाचंशेत, आणखी कुठलं सुचत असेल तर लिहा.

उसाचंशेत:

'धोंडजी'त 'धो'चा 'डो' करून बघा, आणि शेवटी दोन ई. तिथे निम्म्या मराठी आडनावांच्या शेवटी तो 'जी' दोन ईंनीच येतो.