शब्दचर्चा: 'थ्रॉम्बेक्टमी'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

एका रुग्णालयासाठी नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणारा पक्षाघात आणि ती गुठळी काढायच्या पद्धती, असा विषय आहे. 'मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टमी', 'स्टेंट रिट्रीव्हर' आणि 'ॲस्पिरेशन' इथे अडले आहे. मी 'यांत्रिक गुठळीछेदन', 'स्टेंट पुनर्प्राप्तक' आणि 'शोषण' असं लिहिलंय, पण माझंच समाधान होत नाही. हा कागद कुणीतरी रात्री दोन वाजता वाचणार, सहीचं पेन हातात धरून. कृपया सुचवा.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी 'छेदन' काढून टाका. ग्रीकमध्ये 'थ्रॉम्बॉस' म्हणजे गोळा, गुठळी. साकळलेल्या दुधाच्या गोळ्यालाही तोच शब्द. म्हणजे तोही आपल्या गुठळीसारखा स्वयंपाकघरातून आलेला. आपण पिठल्यात गुठळ्या झाल्या म्हणतो आणि रक्ताची गुठळी झाली असंही म्हणतो, त्यामुळे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो तसाच ठेवा.

'एक्टोमी' म्हणजे कापून काढणं, आणि घोळ तिथे आहे. या उपचारात काही कापतच नाहीत. जांघेतल्या, कधी मनगटातल्या धमनीत सुई टोचून नळी आत घालतात, ती मानेतून वर मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी आल्या वाटेने बाहेर आणतात. 'छेदन' वाचलं की घरच्यांना वाटणार, कवटी उघडणार आहेत.

'शस्त्रक्रिया'ही मला इथे नको वाटतो. सुश्रुतसंहितेत यंत्रं वेगळी आणि शस्त्रं वेगळी: धार असलेली ती शस्त्रं, आणि धरायला, ओढायला, मार्ग मोकळा करायला वापरायची ती यंत्रं. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात यंत्रांनी करायची २४ कर्मं मोजली आहेत. त्यांत 'आहरण' आहे, म्हणजे ओढून बाहेर आणणं. 'आचूषण' आहे, म्हणजे चोखून घेणं. आणि 'मार्गविशोधन'ही आहे. ही यादी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. सुश्रुतांना हा उपचार माहीत होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण हात जे करतो त्यावरून कर्माला नाव द्यायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि आज आपल्याला नेमकी तीच हवी आहे.

विद्यार्थ्यांच्या पुस्तकात 'गुठळी-आहरण' चालेल. नातेवाइकांसाठी मात्र सरळ 'नळीवाटे गुठळी काढणे' लिहा.

'शोषण' तर नकोच. मजुरांचं शोषण, स्त्रियांचं शोषण हेच अर्थ आधी कानावर येतात. 'आकर्षण'चं असंच झालं. मूळ अर्थ ओढणं, पण आज ते कुणी तसं वाचणार नाही. क्रियापद वापरलं की ही अडचण उरत नाही: 'शोषून काढणे', 'खेचून घेणे'.

प्रतिसाद २

'स्टेंट' या शब्दाबद्दल लिहायलाच हवं.

वडिलांच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "स्टेंटने काढू." काकांच्या हृदयात स्टेंट बसवलेला, त्यामुळे आमच्या घरी स्टेंट म्हणजे आत कायमची राहणारी जाळी. मग 'स्टेंटने काढू' म्हणजे काय? आई विचारत राहिली, "बसवणार की काढणार?" दोघंही खरं बोलत होते आणि एकमेकांना कळत नव्हते. पक्षाघाताच्या एका मिनिटात सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे, हे मी नंतर वाचलं. त्या संभाषणात किती मिनिटं गेली, ते मी मोजायचं टाळते.

'पुनर्प्राप्तक' वाचून आईला काहीही कळलं नसतं. 'जाळी आत उघडतात, गुठळी तिच्यात अडकवतात आणि जाळीसकट बाहेर ओढतात. जाळी आत ठेवत नाहीत' एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं.

प्रतिसाद ३

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात त्या विभागात, काम करते. वरचा प्रतिसाद वाचून आमच्या बोलण्याची लाज वाटली. आम्ही सर्रास 'स्टेंटने काढतो' म्हणतो. यापुढे 'जाळीने ओढून' म्हणेन.

दोन्ही पद्धतींत फरक असा. जाळीच्या पद्धतीत बारीक नळी गुठळीच्या आरपार नेतात, जाळी उघडतात, ती गुठळीत रुतावी म्हणून काही मिनिटं थांबतात आणि मग ओढतात. दुसऱ्या पद्धतीत रुंद तोंडाची नळी गुठळीला नेऊन भिडवतात आणि पंपाने किंवा मोठ्या सिरिंजने खेचतात. कधी गुठळी सळकन नळीतून येते, कधी नळीच्या तोंडाला चिकटून नळीबरोबर बाहेर येते. पांढऱ्या गॉझवर ठेवल्यावर ती दिसते भाताच्या शिताएवढी, काळपट लाल. एवढ्याशा गोष्टीने माणसाची वाचा गेलेली असते.

नातेवाईक हमखास विचारतात, "चांगली पद्धत कोणती?" २०१७ च्या फ्रान्समधल्या 'ॲस्टर' चाचणीत ३८१ रुग्ण होते. आधी खेचायची पद्धत वापरली तेव्हा ८५.४ टक्के आणि आधी जाळी वापरली तेव्हा ८३.१ टक्के रुग्णांत रक्तप्रवाह नीट सुरू झाला. हा फरक ठरवण्याजोगा नाही. २०१९ च्या अमेरिकेतल्या 'कंपास'मध्ये २७० रुग्ण होते. तीन महिन्यांनी आपलं आपण करू शकणारे रुग्ण आधी खेचायची पद्धत वापरली तेव्हा ५२ आणि आधी जाळी वापरली तेव्हा ५० टक्के. दोन्ही एकत्र वापरून पाहणारी 'ॲस्टर-२' २०२१ मध्ये आली, तिथेही ठाम सरशी दिसली नाही. म्हणून पत्रकात एकीला 'आधुनिक' आणि दुसरीला 'पारंपरिक' अशी विशेषणं लावू नका. अनेकदा एकीने काम झालं नाही तर त्याच बैठकीत दुसरी वापरतात. महत्त्वाचं हे की गुठळी पहिल्याच खेपेत पूर्ण निघावी. 'फर्स्ट पास'ला 'पहिली खेप' हा शब्द मला अगदी चपखल वाटतो.

गुठळीबद्दलही एक सुचवते. एक असते वाहून आलेली, बहुधा हृदयातून किंवा मानेच्या धमनीतून. दुसरी मेंदूतली धमनी आधीच अरुंद झालेली असते तिथे जागीच धरलेली. हिंदी परिभाषेत 'अंतःशल्यता' आणि 'घनास्रता' असे शब्द आहेत, पण 'वाहून आलेली' आणि 'जागीच धरलेली' हे कुणालाही कळेल. भेद लिहायला हवाच, कारण दुसऱ्या प्रकारात गुठळी काढली तरी वाट अरुंदच राहते आणि पुन्हा बंद होऊ शकते. तिथे कधी फुगा वापरावा लागतो, कधी खरोखरच स्टेंट बसवून आत ठेवावा लागतो. तेव्हा 'बसवणार की काढणार' हा त्या आईंचा प्रश्न बरोबरच होता.

आणि 'झटका' नको. आकडीलाही झटकाच म्हणतात. 'अंगावरून वारं गेलं' हे मात्र कंसात जरूर द्या. गावाकडून येणारी माणसं तेच म्हणत येतात, आणि वारं म्हटलं की आधी तेल-मालिशीचा विचार होतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकातला परिच्छेद आता असा:

"तुमच्या रुग्णाच्या मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे (याला पक्षाघात, लकवा किंवा वारं जाणं म्हणतात). गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देता येतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी बाहेर काढतात. डोकं उघडत नाहीत. गुठळी जाळीत अडकवून ओढतात किंवा नळीने खेचून घेतात. ही जाळी आत राहत नाही. रक्तवाहिनी मुळातच अरुंद असेल तर वेगळा, कायमचा स्टेंट लागू शकतो. तसं असल्यास डॉक्टर सांगतील."

सहा तासांनंतरही, काही निवडक रुग्णांत स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत, गुठळी काढता येते. ते वाक्य पुढच्या परिच्छेदात घेते. आता 'लास्ट नोन वेल', म्हणजे रुग्ण शेवटचा ठीक दिसला ती वेळ, हा शब्द उरला. 'लक्षणं कधी सुरू झाली' असं विचारलं तर झोपेतून उठलेल्या रुग्णाचे घरचे सकाळची वेळ सांगतात, आणि हवी असते रात्रीची. "त्यांना शेवटचं धड कधी पाहिलं होतं?" असं लिहिलंय. विदर्भात, कोकणात 'धड' याच अर्थाने कळेल ना?